शोधयंत्र आणि धान्याचा व्यापारी

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्यास पूर्वी दोन गोष्टींची बातमी ठेवावी लागे. एक भावाची आणि दुसरी आवकेची. या दोन्ही बातम्या दलालाच्या तोंडून, पुढे तारेने, त्यानंतर टेलिफोनवरून येत. आता तिसरी एक बातमी या दोहोंच्या पंक्तीस येऊन बसली आहे, आणि ती म्हणजे आज कोणता नियम अमलात आहे याची. ही बातमी दलाल देत नाही. दिली तरी तिच्यावर विसंबून माल ठेवणे शहाणपणाचे नव्हे. कारण भावाची बातमी चुकली तर नुकसान पैशाचे होते, नियमाची चुकली तर गोदामास सील लागते आणि १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली कोर्टाची पायरी चढावी लागते. त्या कायद्याच्या ७ व्या कलमात कारावासाची तरतूद आहे, हे आमच्या बंधूंस नव्याने सांगावयास नको.

सन २०२३ मधील तुरीचे उदाहरण पाहावे. केंद्र सरकारने त्या वर्षी २ जून रोजी तूर व उडीद यांवर साठ्याची मर्यादा घातली. घाऊक व्यापाऱ्यास प्रत्येक डाळीचे २०० मेट्रिक टन आणि किरकोळ दुकानदारास ५ टन. पुढे २५ सप्टेंबरला घाऊकाची मर्यादा २०० वरून ५० टनांवर आली. ६ नोव्हेंबरला ती पुन्हा २०० टन झाली. पन्नास किलोंच्या पोत्यांच्या हिशेबाने बोलावयाचे तर ४००० पोती, मग १००० पोती आणि मग पुन्हा ४००० पोती; हे सारे पाच-सव्वापाच महिन्यांत घडले. त्याच्याही मागे २०२१ चे आदेश आहेत. त्या वर्षी २ जुलैला मूग वगळून सर्व डाळी मिळून २०० टन, त्यांत एका जातीचे १०० टनांपेक्षा अधिक नाही, अशी मर्यादा होती. १९ जुलैच्या सुधारणेने ती ५०० टन, त्यांत एका जातीचे २०० टनांपर्यंत, अशी झाली.

आता एखाद्या व्यापाऱ्याने मोबाइल हातात घेऊन गूगलवर 'तूर साठा मर्यादा' एवढेच लिहिले, तर त्याच्यापुढे काय येते? २०२१ ची बातमी, २०२३ च्या जूनची बातमी, सप्टेंबरची बातमी, कोणा सल्लागाराचा लेख, एखादी चित्रफीत आणि मध्येच तूरडाळीची आमटी कशी करावी याची कृती. आकडे १००, २००, ५०० आणि ५०, सर्व खरे. परंतु आपापल्या तारखेस खरे. वखारीत नवा-जुना माल एकाच थप्पीत लावला आणि वर मार्का घातला नाही म्हणजे जे होते तेच हे होय.

यंत्राचा यात दोष नाही. गूगल हे शोधयंत्र १९९८ साली लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी व्यवसायरूपाने सुरू केले. त्याची मूळ कल्पना अशी की, ज्या पानाकडे इतर पुष्कळ पाने बोट दाखवितात ते पान महत्त्वाचे मानावे. बाजारातही आपण हेच करतो; ज्या पेढीचे नाव दहा जण घेतात तिची पत मोठी. परंतु ज्याचे नाव दहा जण घेतात त्याच्याजवळ आजचा ताजा माल असेलच असे नाही. जूनच्या बातमीकडे चार महिने लोकांनी बोट दाखविलेले असते, कालच्या आदेशाकडे अजून कोणी वळलेलेही नसते. तेव्हा यंत्राने काय पुढे करावे हे सर्वस्वी यंत्रावर न सोडता, आपणच मागणी नेमकी करावी लागते. त्यासाठी काही खुणा ठरलेल्या आहेत. त्या थोड्या आहेत, फुकट आहेत आणि मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या माणसास एका बैठकीत समजण्यासारख्या आहेत. आम्हीही तेवढेच शिकलो आहोत. पुढे त्या नागरीत दिल्या आहेत, यंत्रावर मात्र इंग्रजी अक्षरांत व इंग्रजी अंकांत लिहावयाच्या.

पहिली खूण दुहेरी अवतरणचिन्हांची. दोन-तीन शब्द या चिन्हांत बंद केले की ते शब्द त्याच क्रमाने, एकमेकांस लागून जेथे असतील तीच पाने यंत्र शोधते. हिचे महत्त्व धान्यवाल्यास जितके तितके दुसऱ्या कोणास क्वचितच असेल, कारण आमच्या मालाची नावे मोठी विचित्र आहेत. ब्रह्मदेशातून येणाऱ्या तुरीस बाजारात 'लेमन' म्हणतात. 'लेमन तूर' असे मोकळे लिहिले तर लिंबाच्या सरबतापासून लेमन राइसपर्यंत सर्व स्वयंपाकघर अंगावर येते. अवतरणात बंद केले की मुंबई बंदरावरचे भाव दिसू लागतात. हरभऱ्यास इंग्रजी कागदांत नुसते 'ग्रॅम' म्हणतात, आणि ग्रॅम हे वजनाचेही माप असल्याने यंत्राचा पुरता गोंधळ उडतो. तेथे 'बेंगाल ग्रॅम' हे दोन शब्द अवतरणात एकत्र लिहावेत. टांझानियाची 'अरुषा' तूर शोधू जाता जंगलातील सिंह पाहावयास नेणाऱ्या प्रवासी कंपन्यांच्या जाहिराती येतात, कारण अरुषा हे तेथील शहर आणि सफरीचे ठाणे आहे. असो.

परंतु अवतरणचिन्हांचा खरा उपयोग मालाच्या नावापेक्षा कायद्याच्या शब्दांत आहे. वस्तू व सेवा कर २०१७ साली लागू झाला तेव्हा धान्यावर कर केव्हा बसतो हे ठरविणारे शब्द 'नोंदणीकृत ब्रँड नाव' या धर्तीचे होते. १८ जुलै २०२२ पासून ते शब्द बदलून 'आधीच बांधलेला व लेबल लावलेला' माल असे झाले, आणि धान्य व डाळींच्या २५ किलोंपर्यंतच्या अशा बांधणीवर ५ टक्के कर आला. त्या आठवड्यात पेठेत जो गोंधळ माजला तो अनेकांस स्मरत असेल. सर्व धान्यावर कर बसला असे कोणी म्हणे, सुट्या मालावरही बसला असे दुसरा म्हणे, ५० किलोंच्या पोत्याचे काय, हे तिसरा विचारी. जो जुन्या शब्दांनी शोध घेत होता त्याला जुना कायदाच सापडत होता आणि तो निश्चिंत राहत होता. नवे इंग्रजी शब्द 'प्री-पॅकेज्ड अँड लेबल्ड' अवतरणात घालून, त्यांच्या जोडीला '२५ किलोग्रॅम' लिहिले असता, सरकारनेच त्या वेळी काढलेली प्रश्नोत्तरांची पत्रिका पुढे येई. म्हणून आमचे असे मत आहे की, कोणत्याही नियमाचा शोध घेण्यापूर्वी त्या नियमातील दोन-तीन नेमके शब्द हाती लागले पाहिजेत. ते एखाद्या वर्तमानपत्रातून मिळोत की कर सल्लागाराकडून. अधिकारी ज्या शब्दांत लिहितो त्या शब्दांत विचारले तरच अधिकाऱ्याचा कागद मिळतो.

दुसरी खूण 'साइट' ही होय. एस, आय, टी, ई ही चार अक्षरे, त्यांस लागूनच एकावर एक दोन टिंबांचे कोलन हे चिन्ह, आणि त्यालाही लागूनच, मध्ये जागा न सोडता, संकेतस्थळाचा पत्ता. एवढे लिहिले की यंत्र बाकीचे जग सोडून त्या एकाच वखारीत शोधते. केंद्र सरकारच्या प्रसिद्धिपत्रकांसाठी पीआयबी डॉट जीओव्ही डॉट इन, आयात-निर्यातीच्या अधिसूचनांसाठी डीजीएफटी डॉट जीओव्ही डॉट इन, अन्नसुरक्षा परवान्याच्या नियमांसाठी एफएसएसएआय डॉट जीओव्ही डॉट इन. कोणते खाते हे ठाऊक नसेल तर नुसते जीओव्ही डॉट इन एवढेच शेपूट द्यावे. मग केंद्र व राज्ये यांची बहुतेक सरकारी स्थळे त्यात येतात. महाराष्ट्रातील बाजारांशी ज्यांचा व्यवहार आहे, आणि आम्हा बेळगावकरांपैकी तो कोणाचा नाही, त्यांनी त्या राज्याच्या शासननिर्णयांचे जीआर डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन हे स्थळही टिपून ठेवावे.

जीओव्ही डॉट इन हे शेपूट खाजगी माणसास मिळत नाही. यात एक मोठे संरक्षण आहे. अन्नसुरक्षेचा परवाना काढू पाहणाऱ्या नव्या दुकानदारापुढे शोधयंत्र प्रथम जे देते त्यात कित्येकदा खाजगी सल्लागारांची पाने असतात. रंगरूप सरकारी, अशोकस्तंभासारखे काही चित्र, आणि सरकारी शुल्काच्या वर आपली दक्षिणा. काही तर वर 'प्रायोजित' असे बारीक अक्षरात लिहिलेल्या जाहिराती असतात. सल्लागाराने मेहनताना घेणे गैर नाही, परंतु आपण सरकारी खिडकीपाशी उभे आहोत असा समज होऊन पैसे भरणे निराळे. पत्त्याचे शेपूट पाहण्याची सवय पेढीवरील प्रत्येक मुलास लावली पाहिजे. हुंडीवरची सही पाहिल्याशिवाय आपले वाडवडील पैसे देत नसत.

तिसरी खूण तारखेची. इंग्रजी 'आफ्टर' म्हणजे नंतर आणि 'बिफोर' म्हणजे आधी. या शब्दांस लागून कोलन, आणि त्यास लागून तारीख, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये आडव्या रेघा. ही सोय गूगलने २०१९ मध्ये आणली. वर दिलेल्या तुरीच्या उदाहरणात आपण २०२३ च्या ऑक्टोबरात आहोत अशी कल्पना करावी. 'स्टॉक लिमिट' हे शब्द अवतरणात, पुढे तूर, पुढे साइट व पीआयबीचा पत्ता, आणि शेवटी आफ्टर व २०२३-०९-०१. या एका ओळीने जूनचा २०० चा आकडा व २०२१ चे सारे आकडे दूर होऊन सप्टेंबरचा ५० चा आकडा वर येतो.

हे केवळ कल्पनेने लिहीत नाही. त्याच ऑक्टोबरच्या पूर्वार्धात शेजारच्या गावचे एक तरुण व्यापारी आमच्या पेढीवर आले होते. त्यांच्याकडे तुरीची अठराशे पोती, म्हणजे ९० टन माल होता आणि आपण मर्यादेच्या निम्म्यातही नाही अशा समजुतीत ते होते. मोबाइलवर त्यांनी आम्हांस बातमीही दाखविली. नीट छापलेली, मोठ्या वर्तमानपत्राची, २०० टन म्हणणारी. बातमी जूनची होती. आमच्या पुतण्याने वरची ओळ लिहून सप्टेंबरचे पत्रक त्यांच्यापुढे ठेवले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. आठशे पोती त्यांनी आदेशातील मुदतीच्या आत काढली. पुढे ६ नोव्हेंबरला मर्यादा पुन्हा २०० झाली, तेव्हा त्यांनी आम्हांस टेलिफोन करून थोडा रागही केला, की काका, तुम्ही सांगितले नसते तर माल हाती राहिला असता! त्यांस आम्ही इतकेच म्हटले की, मधल्या काळात तपासनीस आला असता तर त्याला नोव्हेंबरचा आदेश ऑक्टोबरात कसा दाखविला असता? त्यांचा राग फार दिवस टिकला नाही.

तारखेच्या खुणेत एक सावधगिरी पाहिजे. यंत्र पानाची जी तारीख धरते ती त्याने अंदाजाने ठरविलेली असते. जुन्याच पानावर नवी तारीख टाकून ते पुन्हा लावणारे पुष्कळ आहेत. तेव्हा तारखेच्या खुणेने माल चाळून घ्यावा, पण शेवटची पारख आदेशावरील तारीख व क्रमांक वाचूनच करावी. क्रमांकाचीही एक गंमत पाहा. गव्हाची निर्यात ज्या अधिसूचनेने बंद झाली ती १३ मे २०२२ ची, पण तिचा क्रमांक ०६/२०१५-२० असा आहे. २०१५ ते २० या काळासाठी आखलेल्या परराष्ट्र व्यापार धोरणास मुदतवाढ मिळत गेली, म्हणून २०२२ च्या कागदावरही ते आकडे राहिले. क्रमांक पाहून 'हे जुने दिसते' म्हणत कागद बाजूस सारणारा पुरता फसेल. उलट तोच क्रमांक अवतरणात लिहून शोधले तर मूळ अधिसूचना हाती येते, आणि ती वाचल्यावर कळते की त्या तारखेपर्यंत निघालेल्या पक्क्या पतपत्रांवरील माल पाठविण्यास त्यात मुभा होती. 'निर्यातीवर पूर्ण बंदी' अशा मथळ्यांत ही मुभा कोठेच दिसत नव्हती. ज्यांचा गहू बंदराच्या वाटेवर ट्रकांत होता त्यांना त्या एका कलमाची किंमत ठाऊक आहे.

आता नावांकडे येऊ, कारण आमच्या अनुभवाने निम्मे शोध येथेच फसतात. एकाच दाण्यास आपण तूर म्हणतो, उत्तरेकडे अरहर म्हणतात, कर्नाटक सरकारचे इंग्रजी कागद त्यास 'रेड ग्रॅम' म्हणतात, शास्त्रज्ञ 'पिजन पी' म्हणतात आणि कन्नड शेतकरी 'तोगरी' म्हणतो. तसेच गावांचे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांत आमचे बेळगाव 'बेळगावी' झाले, त्याच दिवशी गुलबर्ग्याचे 'कलबुर्गी' आणि विजापूरचे 'विजयपुरा' झाले. त्यामुळे २०१४ पूर्वीचा कागद जुन्या नावाखाली आणि नंतरचा नव्या नावाखाली सापडतो. यातही मौज अशी की, गुलबर्ग्याच्या डाळीस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते 'गुलबर्गा तूर डाळ' याच नावाने. शहर नवे, डाळ जुनीच! इंदूरकडील बंधूंस होशंगाबादचे नाव २०२२ मध्ये नर्मदापुरम झाल्याने, आणि मराठवाड्याशी व्यवहार असणाऱ्यांस उस्मानाबादचे धाराशिव झाल्याने, हीच अडचण येत असेल. यावर उपाय म्हणजे 'ऑर' ही खूण. ओ व आर ही दोन अक्षरे, दोन्ही मोठ्या लिपीत, दोन नावांच्या मध्ये. गुलबर्गा ऑर कलबुर्गी, तूर ऑर अरहर, असे लिहिले की यापैकी कोणतेही एक नाव असलेली पाने येतात. मोठ्या लिपीत लिहिणे विसरू नये, नाही तर यंत्र त्या शब्दास साधा शब्द समजते.

विजापुरासंबंधाने वजाबाकीची खूणही सांगून टाकतो. छत्तीसगडातही एक बिजापूर जिल्हा आहे आणि त्याच्या बातम्या नक्षलवाद्यांशी झालेल्या चकमकींच्या असतात. शोधशब्दांनंतर एक जागा सोडून वजाचे चिन्ह द्यावे व त्यास लागूनच छत्तीसगड लिहावे, की ती सर्व पाने गळतात. हळदीचा भाव पाहणाऱ्याने याच रीतीने 'लग्न' वजा करावे. लग्नातील हळदीच्या नाचगाण्यांनी शोधयंत्र भरून गेले आहे.

नावांच्या या गुंत्यातून सुटण्याची सर्वांत पक्की वाट म्हणजे जकात व करखात्याचा वर्गीकरणाचा आकडा. तुरीस ०७१३६०, हरभऱ्यास ०७१३२०, गव्हास १००१, तांदळास १००६. आकडा अरहर म्हणत नाही की तोगरी म्हणत नाही. आयात-निर्यातीची अधिसूचना शोधताना मालाच्या नावाबरोबर हा आकडा लिहिला असता उत्तरे फार लवकर जागेवर येतात. अधिसूचनांत हे आकडे कधी आठ अंकी व मध्ये जागा सोडून छापलेले असतात, तेव्हा दोन्ही तऱ्हांनी लिहून पाहावे.

'फाइलटाइप' ही आणखी एक खूण. तिच्यापुढे कोलन व पीडीएफ ही तीन अक्षरे लिहिली की केवळ त्या स्वरूपातील कागद येतात. सरकारी आदेश बहुधा याच स्वरूपात असल्याने बातम्या, चर्चा व चित्रफिती यांची गर्दी हटते. परंतु मराठीत व कन्नडात येथे एक खाच आहे. जुने पुष्कळसे सरकारी कागद निरनिराळ्या संगणकीय टंकांत लिहिलेले आहेत. डोळ्यांस ते शुद्ध मराठी दिसतात, पण यंत्रास आतून निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. काही कागद तर नुसत्या छायाप्रती आहेत. असे कागद मराठी शब्द लिहून सापडत नाहीत. त्यासाठी इंग्रजी शब्द, विभागाचे नाव किंवा आदेशाचा क्रमांक लिहावा लागतो. कर्नाटक सरकारचे कागद कन्नडातून शोधावे लागतात, म्हणून सीमाभागातील पेढीवर कन्नड लिहिता-वाचता येणारा एक तरी मनुष्य पाहिजे. याबाबतीत भाषेचा अभिमान आड येऊ देण्याचे कारण नाही. कागद ज्या भाषेत आहे त्या भाषेत मागावा.

लिपीसंबंधी आणखी एक बारीक गोष्ट. मराठी कळफलकावर विसर्गाचे चिन्ह कोलनसारखेच दिसते, पण यंत्राच्या दृष्टीने ती दोन निराळी अक्षरे आहेत. साइट किंवा आफ्टर यांपुढे चुकून विसर्ग पडला तर खूण लागू होत नाही आणि का होत नाही हे कळतही नाही. यासाठी खुणा लिहिताना कळफलक इंग्रजीवर न्यावा. पेठेतील दोन-तीन मुलांची ही अडचण आम्ही पाहिली म्हणून येथे नमूद केली.

या खुणांनी सर्व काही सापडते असे मात्र कोणी समजू नये. अ‍ॅगमार्कनेटवरील बाजारभाव हे शोधयंत्रातून नीटसे दिसत नाहीत, कारण ते कोष्टक आपण माल, राज्य, बाजार व तारीख निवडल्यावर तयार होते. शोधयंत्र आपणांस वेशीपर्यंत नेते, आत पायी जावे लागते. राजपत्राच्या स्थळावरही तसेच. तेथील स्वतःची शोधपेटी वापरावी. दुसरे असे की, या खुणांच्या ज्या याद्या एका मोबाइलवरून दुसऱ्यावर फिरतात त्यांतील काही खुणा मेलेल्या आहेत. अधिकाचे चिन्ह २०११ मध्ये गूगलने काढून टाकले, आणि पानाची साठवलेली प्रत दाखविणारी 'कॅश' ही खूण २०२४ मध्ये बंद झाली. बिंग व डकडकगो या इतर शोधयंत्रांत अवतरण, वजा, साइट व फाइलटाइप या खुणा चालतात, आफ्टर आणि बिफोर मात्र गूगलच्याच आहेत. इतरत्र काळ निवडण्यासाठी उत्तरांच्या वर असलेली तारखेची चाळणी वापरावी.

सरकारी पान पुढे काढून टाकले जाते, तेव्हा काय करावे? अमेरिकेत १९९६ साली स्थापन झालेली इंटरनेट आर्काइव्ह नावाची संस्था जगातील पानांच्या प्रती तारीखवार साठवून ठेवते आणि २००१ पासून त्या सर्वांस विनामूल्य पाहता येतात. या सोयीस 'वेबॅक मशीन' म्हणतात. पानाचा पत्ता लिहिला की ते अमुक दिवशी कसे दिसत होते हे बहुधा दिसते. दोन वर्षांपूर्वीच्या व्यवहाराबद्दल नोटीस आली आणि त्या दिवशी खात्याच्याच स्थळावर काय लिहिले होते हे दाखवावयाचे झाले, तर याचा आधार होतो. तरी सर्वांत उत्तम उपाय म्हणजे सापडलेला आदेश त्याच दिवशी छापून फाइलीस लावणे.

भारतात २०२४ पासून गूगल उत्तरांच्या माथ्यावर यंत्राने स्वतः जुळविलेला सारांश देऊ लागले आहे. भाषा गोड, वाक्ये सुबक, आणि तरुण मंडळी तेवढेच वाचून मोबाइल खिशात घालतात. साठामर्यादेसारख्या बाबतीत हा सारांश तीन तारखांचे तीन आकडे एका वाक्यात कालवू शकतो, आणि कालवले आहे हे त्या वाक्यावरून ओळखू येत नाही. त्याच्या बाजूस जे दुवे दिलेले असतात ते उघडावेत, सारांशावर सही करू नये. मुनिमाने तोंडी सांगितलेली शिल्लक आपण रोजमेळाशी ताडून पाहतो की नाही?

आमच्या पेढीवर यासाठी एक साधी वही ठेवली आहे. तीत चार रकाने: शोधल्याची तारीख, काय शोधले ती पूर्ण ओळ खुणांसह, सापडलेल्या आदेशाचा क्रमांक व तारीख, आणि तो केव्हापर्यंत लागू आहे. दर सोमवारी सकाळी, सौदे सुरू होण्यापूर्वी, पुतण्या तीच ओळ पुन्हा लिहितो व तारीख तेवढी पुढे सरकवितो. नवीन काही नसेल तर 'बदल नाही' असे लिहून खाली सही करतो. ओळ जपून ठेवल्याचा फायदा असा की पुतण्या गावी गेला तरी दिवाणजींस तीच ओळ वहीतून उतरवून घेता येते. दरवेळी नव्याने डोके चालवावे लागत नाही.

ज्या बंधूंस हात बसवावयाचा असेल त्यांच्यासाठी एक अभ्यास सुचवितो. १२ जून २०२३ रोजी गव्हाच्या घाऊक व्यापाऱ्यास ३००० टनांची मर्यादा लागली. १४ सप्टेंबरला ती २००० झाली, ८ डिसेंबरला १००० आणि ८ फेब्रुवारी २०२४ रोजी ५०० टन. हे चार आकडे व चार तारखा येथे दिल्या आहेतच. त्यांची चारही मूळ पत्रके वरील खुणांनी आपापल्या मोबाइलवर काढून पाहावीत, आणि प्रत्येकात किरकोळ दुकानदार व गिरणीवाले यांसाठी काय लिहिले आहे तेही वाचावे. वखार बंद झाल्यावर अर्धा तास पुरेल. पत्रक न सापडल्यास प्रथम कोलनाच्या जागी विसर्ग पडला आहे काय, ते पाहावे.